भिशीचा बेत : नाशिकच्या वाईनबागा

आमची भिशी सहा जणींची. मुलुंडच्या तिघी, म्हणजे मी, आमच्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांची धाकटी सून. घाटकोपरची माझी शाळेपासूनची मैत्रीण. अंधेरीची बँकेत नोकरी करणारी एक. आणि बोरिवलीहून दर महिन्याला दोन गाड्या बदलून येणारी माझी नणंद. भिशीतून थोडेथोडे पैसे बाजूला टाकून वर्षातून एकदा आम्ही सहल काढतो. अलिबाग झालं, माथेरान झालं, दोन दिवसांत अष्टविनायक झाले (पाय चार दिवस सुजले होते). गेल्या नोव्हेंबरात काकूंच्या घरी साबुदाणावडे खाता खाता त्यांची सून म्हणाली, "यंदा नाशिकला जाऊ या ना. वाईनच्या बागा बघायला. तिथं चवही घेता येते."

वडा हातातच राहिला.

"म्हणजे दारूच की गं!" बोरिवलीच्या नणंदबाई म्हणाल्या. काकूंचं वय अडुसष्ट, पण त्यांचा प्रश्न वेगळाच, "चव घेतात म्हणजे नेमकी किती घेतात?" सगळ्या हसल्या. घाटकोपरची मात्र हसली नाही. तिनं आपली बशी उचलली आणि आत मोरीकडे गेली.

मला कारण ठाऊक होतं. तिचे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ही आणि तिची आई गिरणीच्या दारात उभ्या राहायच्या. पाकीट घरी यायच्या आधी हातभट्टीवाल्याकडे जाऊ नये म्हणून. कधी पाकीट मिळायचं, कधी नाही. शाळेची फी भरली नाही म्हणून तिला वर्गात उभं केलेलं मी पाहिलं आहे. अशा बाईपुढे "वाईन म्हणजे काही दारू नव्हे" असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि ते खरंही नाही. वाईनमध्ये साधारण बारा ते चौदा टक्के मद्य असतं. नाव फ्रेंच असलं, ग्लास नाजूक असला, तरी मद्य ते मद्य.

बेत तिथंच संपायचा. पण पंधरा दिवसांनी तिचाच फोन आला. "मी येईन," म्हणाली, "पण दोन अटी. माझ्यापुढे कुणी ग्लास सरकवायचा नाही. आणि का घेत नाहीस, असं विचारायचं नाही. बाग बघायला मला आवडेल." मी लगेच हो म्हटलं. हो म्हणणं किती सोपं असतं, ते पुढे कळलं.

घरी सांगितलं तेव्हा हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "बायकांची वाईनची सहल? मग आम्ही काय पाप केलंय?" सासूबाई जास्त समजूतदार निघाल्या. "आमच्या वेळी द्राक्षासवाची बाटली घरोघर असायची," त्या म्हणाल्या, "अशक्तपणाला वैद्य द्यायचे. तेही आंबवलेलंच की." अगदी बरोबर! आसव-अरिष्टं आंबवताना त्यांत थोडं मद्य आपोआप तयार होतं. तेवढ्यावरून वाईन औषधी ठरत नाही, हे मात्र मी मनातच ठेवलं. "लाल वाईन हृदयाला चांगली" असं हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. मैत्रिणींनो, त्यावर विसंबून ग्लास उचलू नका. मद्याचं कुठलंच प्रमाण पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. घ्यायची तर चवीसाठी, कुतूहलासाठी घ्यावी. औषध म्हणून नको.

नाशिकच का?

नाशिकचं द्राक्ष आपल्याला नवं नाही. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५च्या सुमारास तिकडे द्राक्षाची लागवड सुरू केली आणि पुढे जिल्हाभर मांडव चढले. पण ती खाण्याची द्राक्षं. वाईनचा मोठा प्रयत्न आपल्याकडे आधी झाला तो पुणे जिल्ह्यात, नारायणगावला. तिथं श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळ वाईन काढली आणि 'ओमर खय्याम' नावानं परदेशी पाठवली. ती कंपनी आता राहिली नाही.

नाशिकची खरी सुरुवात १९९७ची. अमेरिकेत शिकून आलेल्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. आईचं नाव सुलभा, म्हणून वाईनचं नाव 'सुला'. २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २००१ला, महाराष्ट्र सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणून करात सवलती दिल्या आणि विंचूरला वाईन पार्क उभा केला. त्यानंतर एकामागून एक वायनरी उभ्या राहिल्या. आज 'नाशिक व्हॅली वाईन' हे नाव भौगोलिक मानांकनानं राखलेलं आहे, जशी आपली पैठणी.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच. दिवसा ऊन, रात्री थंडी. दर हिवाळ्यात "निफाडचा पारा घसरला" ही बातमी आपण वाचतो ना, तीच ही थंडी. उन्हानं द्राक्षात साखर भरते आणि थंड रात्रीमुळे त्यातला आंबटपणा टिकून राहतो. वाईनला दोन्ही हवेत. नुसती गोड वाईन म्हणजे लिंबू न पिळलेलं सरबत.

एका दिवसात सगळं नको

नाशिकच्या बागा एका गल्लीत नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावं. आम्ही नकाशा पसरून बसलो तेव्हा चार दिशा दिसल्या.

पहिली गंगापूर धरणाकडची. सुला इथंच, त्याच्या जवळच यॉर्क आणि सोमा. शहरापासून जवळ, जेवणाराहण्याची सोय चांगली, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना तीच बरी. यॉर्क एका कुटुंबानं सुरू केलेली लहान वायनरी. २०२१ साली ती सुलानं घेतली. गच्चीवरून धरणाचं पाणी दिसतं.

दुसरी इगतपुरीकडची. मुकणे धरणाच्या काठी कावनईजवळ व्हॅलोने आहे आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा. मुंबईकडून येताना या आधी लागतात. शांत, डोंगराळ, पावसाळ्यात तर डोळ्यांचं पारणं फिटावं असा मुलूख. मोटारीनं जाणाऱ्यांनी जाता-येता यांतली एखादी गाठावी.

तिसरी दिंडोरीची. फ्रान्सच्या शाँदोंनं २०१३ पासून इथं फेसाळ वाईन काढायला सुरुवात केली. तिकडे विचारल्याशिवाय जाऊ नये. चौथी निफाड-विंचूरची, कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची रेव्हिलो आहे. हा खाण्याच्या द्राक्षांचाही बालेकिल्ला.

आमच्या सूनबाईंनी पहिल्यांदा जो कागद आणला त्यावर दोन दिवसांत सात ठिकाणं होती. अष्टविनायकाचा अनुभव गाठीशी असल्यानं काकूंनी पेन घेऊन पाच खोडली. त्यांचा हिशेब साधा होता, पण असा की मी तो सगळ्यांना सांगत सुटले आहे. एका चवीला पंचवीस-तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे वाईन देतात. दिसायला नगण्य! पण एका ठिकाणी पाच-सहा प्रकार असतात. सगळे घोट गिळले की एक पूर्ण ग्लास पोटात गेलेला असतो. तीन वायनरी म्हणजे तीन ग्लास, तेही दुपारच्या उन्हात. म्हणून दिवसाला एक, फार तर दोन. मध्ये पोटभर जेवण.

आणि मुख्य गोष्ट, घोट गिळलाच पाहिजे असं नाही. जाणकार लोक तोंडात घोळवून थुंकतात. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. आपल्याला ते कसंसंच वाटतं खरं. पण पान खाऊन पिकदाणीत थुंकणाऱ्या आज्या आपल्याच ना?

जायचं केव्हा? द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. वेली भरलेल्या बघायच्या तर तेव्हाच जावं. शनिवार-रविवार टाळावेत; त्या दिवसांत तिथं नुसती जत्रा असते. आम्ही फेब्रुवारीतले मंगळवार-बुधवार धरले. अंधेरीचीनं बँकेतून रजा काढली. तारीख ठरवताना 'ड्राय डे' बघून घ्यावेत. सव्वीस जानेवारीला गेलात तर नुसती वेलींशी ओळख करून परत यावं लागेल. निवडणुकीच्या दिवसांतही तेच. २०२७चा सिंहस्थ नाशिकला आहे, तेव्हा त्या वर्षी गर्दीचा, रस्त्यांचा आणि खोल्यांचा अंदाज फार आधी घ्या.

फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. चवीची फी माणशी किती, मराठीत माहिती सांगणारं कुणी आहे का, आणि जी चव घेणार नाही तिला नुसती वायनरी बघता येईल का. हा तिसरा प्रश्न विसरू नका. बहुतेक घोळक्यांत अशी एक तरी असते, आणि तिनंच काउंटरवर उभं राहून सगळ्यांदेखत तो विचारावा हे बरं नाही. वयाचा पुरावा जवळ असू द्यावा; एकवीस वर्षांखालच्यांना चव देत नाहीत. गरोदर असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ग्लासाला हात लावू नये. झोपेच्या गोळ्या, साखरेची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. आमच्या नणंदबाईंना साखरेच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी नको म्हटलं, त्यांना उलट हायसं वाटलं.

मुलुंड ते नाशिकरोड

गाडी कोण चालवणार, हा प्रश्न आम्ही मुळातच काढून टाकला. सकाळी सहाच्या पुढे मुंबईहून सुटणारी तपोवन एक्स्प्रेस दादर, ठाणे, कल्याण घेत नाशिकरोडला जाते. मुलुंडच्या आम्ही तिघी आणि घाटकोपरची ठाण्याला चढलो. अंधेरीच्या आणि बोरिवलीच्या दोघी पहाटेच्या लोकलनं दादरला. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या बायका एकाच डब्यात जमणं म्हणजे एक सोहळाच! (शिर्डीची वंदे भारतही २०२३ पासून नाशिकरोडला थांबते, पण तिचं भाडं आणि आमची भिशी यांचं जमलं नाही.) कसाऱ्याला घाटासाठी मागे जादा इंजिनं लावली, इगतपुरीला वडे घेतले, आणि दहाच्या सुमारास उतरलो.

तिथून दोन दिवसांसाठी मोटार ठरवली होती. चालकदादांना पहिल्यांदाच सांगितलं, "तुमचं जेवण आमच्याकडे, पण दिवसभर तुम्ही काही घ्यायचं नाही." ते म्हणाले, "ताई, मी माळकरी आहे." आमचीच लाज गेली.

आधी मिसळ खाल्ली. उपाशीपोटी चव घ्यायला जाऊ नये, हा नियम अंधेरीचीचा. फार तिखट खाऊन जाऊ नये, हा नियम नंतर आमच्या जिभेनं शिकवला. पहिल्या दोन वाईन मला मिसळीच्या रश्शाच्याच लागल्या.

पेरू, मिरी आणि ताक

वायनरी आतून बघताना मला राहून राहून आपल्या स्वयंपाकघराची आठवण येत होती. दह्याचं विरजण, इडलीचं पीठ, लोणच्याची बरणी. आंबवणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. द्राक्षाचा रस काढतात, त्यात यीस्ट साखर खाऊन तिचं मद्य करतं, आणि वर बुडबुडे येतात. पोलादाच्या मोठमोठ्या टाक्या बाहेरून थंड ठेवतात, कारण उष्णता वाढली की वास उडून जातो. उन्हाळ्यात पीठ फसफसून भांड्याबाहेर येतं, तोच प्रकार.

एक गोष्ट मात्र मला नवी होती. काळ्या द्राक्षाचा रस काळा नसतो, पांढुरकाच असतो! रंग असतो सालीत. लाल वाईनसाठी रस सालींसकट आंबवतात. पांढरीसाठी साली आधीच वेगळ्या काढतात. आणि वाईनचं द्राक्ष आपल्या थॉमसन द्राक्षासारखं लांबट, बिनबियांचं नसतं. बारीक, गोल, जाड सालीचं, बी असलेलं, आणि खूप गोड. खायला घेतलं तर बिया थुंकण्यातच वेळ जायचा.

चव घ्यायच्या टेबलाशी उभा असलेला मुलगा आमच्याशी इंग्रजीत बोलत होता, आणि तेही एकट्या अंधेरीचीकडे बघून. ते कुठं घडलं ते सांगत नाही. बिचाऱ्याला तसंच शिकवलेलं असणार. काकू म्हणाल्या, "बाळा, मराठीत सांग ना." त्यानं एकदा मागे बघितलं आणि मग काय विचारता! तो दिंडोरी तालुक्यातला, घरची द्राक्षबाग असलेला. एप्रिलमधली खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, एकाच वेलीला वर्षातून दोनदा कात्री का लावतात आणि पीक मात्र एकदाच का घेतात, सगळं त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. छाटणी नीट झाली नाही तर वेल नुसता पानांचा माजतो, घड धरत नाही. आमचा अर्धा तास असा गेला की वाईन गरम झाली.

चव घ्यायची रीत सोपी आहे. ग्लास देठाला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. पांढऱ्या कापडासमोर धरून रंग बघायचा. हलकेच गोल फिरवायचा (काकूंनी ताक घुसळल्यासारखा फिरवला, थोडी वाईन सुनेच्या पदरावर), मग नाक घालून वास घ्यायचा आणि शेवटी छोटा घोट जिभेवर फिरवायचा. आधी पांढऱ्या, मग गुलाबी, मग लाल, आणि गोड सगळ्यांत शेवटी. नाहीतर गोड वाईनवर कोरडी वाईन म्हणजे जिलबीवर चहा.

कोरडी या शब्दावरून मोठी करमणूक झाली. पातळ पदार्थ कोरडा कसा? तर ज्यातली साखर यीस्टनं जवळजवळ सगळी खाऊन टाकली आहे, ती कोरडी. जीभ जिथं ओढल्यासारखी होते, जांभूळ खाल्ल्यावर होते तशी, तो तुरटपणा लाल वाईनच्या सालींचा आणि बियांचा. सोव्हिन्यों ब्लाँला पेरूचा आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, शिराझला मिऱ्याचा. हे मी कार्डावर वाचून सांगत नाही. वास ओळखायला आपल्याइतकं तयार नाक कुणाचं असणार? करपायच्या आधी दोन खोल्यांपलीकडून फोडणी ओळखणाऱ्या आपण. काकूंनी एक लाल वाईन हुंगून सांगितलं, "जुनं लाकडी कपाट उघडल्यासारखं." आणि ती वाईन ओकच्या पिंपातच मुरवलेली निघाली! चव मात्र त्यांना काढ्यासारखी लागली. घोट त्यांनी निमूटपणे भांड्यात टाकला.

मला शेनिन ब्लाँ आवडली, किंचित गोडसर, थंड. तिखट खाणाऱ्या माणसांना ती बरी. तळलेल्या सुरमईबरोबर सोव्हिन्यों छान लागेल असं सूनबाईंचं मत, आणि ते मला पटलं. लाल वाईनशी माझं जमलं नाही.

आता जे घडलं ते सांगते.

घाटकोपरची आमच्याबरोबरच उभी होती, पाण्याचा ग्लास घेऊन. सगळ्या वास घेत होत्या, हसत होत्या, आणि मी चार घोटांनी जरा सैल झाले होते. माझा ग्लास तिच्यापुढे धरून मी म्हटलं, "अगं, नुसता एक घोट घेऊन तर बघ! कोण बघतंय इथं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. असंच ती शाळेत वर्गात उभी असताना माझ्याकडे बघायची. ग्लास तिनं हातात घेतला, वास घेतला, "पेरू," म्हणाली, आणि तो टेबलावर ठेवून बाहेर बागेत गेली.

एवढंच. बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही. पण माझी त्यानंतरची एकही चव मला आठवत नाही. दोनच अटी होत्या आणि त्या मी मोडल्या, तीस वर्षांहून जुनी मैत्रीण म्हणवणारीनं. आपण समजतो, आग्रह पुरुषच करतात. लग्नात-कार्यात बाई बाईला जिलबीचा आग्रह करते त्याच हातानं मी ग्लास पुढे केला.

संध्याकाळी लॉजवर मी तिची माफी मागितली. "तुला वास सहन झाला?" असंही मूर्खासारखं विचारलं. ती म्हणाली, "वास वेगळा होता. बाबांच्या शर्टाला असा वास नसायचा. पण तू ज्या आवाजात म्हणालीस ना, 'एक घोट घे', तो आवाज तोच होता. त्यांचे मित्र तसंच म्हणायचे." मग तिनं दिवा घालवला.

दुसरा दिवस

देवदर्शन आणि वाईन एकाच दिवशी नको, अशी सासूबाईंची ताकीद होती. म्हणून बुधवारी सकाळी अंघोळी करून पंचवटी, रामकुंड, काळाराम. नंतर दुसरी वायनरी ठरलेली होती. मीच म्हटलं, राहू दे. चालकदादांच्या मेहुण्यांची दिंडोरीकडे खाण्याच्या द्राक्षांची बाग होती, तिकडे गाडी वळवली. फी बुडाली नाही, कारण ती तिथंच जाऊन भरायची होती. तुम्हीही शक्य तर आगाऊ पैसे एकाच ठिकाणचे भरा.

तोडणी चालू होती. मांडवाखाली गार सावली, आणि डोक्यावर घडच घड. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या आदिवासी बायका कात्रीनं घड उतरवत होत्या, लहान मुलं क्रेटच्या मागे खेळत होती. खाण्याच्या द्राक्षाला केवढा हात लागतो! घडातले दाणे कात्रीनं विरळ करायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. एकेका घडाशी मान वर करून उभं राहायचं. वाईनच्या द्राक्षाला इतकी निगुती लागत नाही, त्याचं रूप कोण बघतो? मालक म्हणाले, त्यांनीही एकेकाळी दोन एकर वाईनची द्राक्षं लावली होती. २००८-०९च्या मंदीनंतर मागणी घटली, घेणारा मिळेना, तेव्हा वेली उपटून पुन्हा थॉमसन लावली. त्या काळात पुष्कळांनी तेच केलं. २०२२च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय सरकारनं घेतला, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. सरकार म्हणत होतं शेतकऱ्याचं भलं होईल. विरोधक म्हणत होते घरं बुडतील. मी त्या मांडवाखाली उभी राहून दोन्ही बाजूंना एकेक माणूस ओळखत होते.

घाटकोपरची एका बाईशी बोलत बसली होती. बाईनं तिला कात्री दिली, देठ कुठं कापायचा ते दाखवलं. हिनं चांगले वीसेक घड उतरवले. "मान भरून आली," म्हणत आली, पण चेहरा मोकळा होता. माझ्या हातात एक घड ठेवून म्हणाली, "हे खा. कोण बघतंय इथं?" मला हसावं की रडावं कळेना.

आम्ही सहा पेट्या द्राक्षं घेतली. वाईनची एकच बाटली, सूनबाईंनी. तुम्ही आणलीत तर फ्रीजवर किंवा गॅसजवळ ठेवू नका. बुचाची असेल तर अंधाऱ्या, गार जागी आडवी ठेवावी. उघडल्यावर बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, मग आंबट होते. आणि गाडीत उघडायचा मोह नको. रेल्वेत पिणं हा गुन्हा आहे.

संध्याकाळच्या तपोवननं परतलो. घाटात अंधार पडला होता. भिशीची वही घाटकोपरचीकडे असते. तिनं मांडीवर घेऊन हिशेब लिहिला. मोटार, लॉज, मिसळ, जेवण, चवीची फी चौघींची, नुसत्या फेरीची दोघींची, द्राक्षं सहा पेट्या. काकूंनी विचारलं, पुढच्या वर्षी कुठं? नणंदबाई म्हणाल्या, कोल्हापूर. अंधेरीची म्हणाली, अकलूजकडेही वाईनच्या बागा आहेत म्हणे. कुणीच काही बोललं नाही, मग सगळ्याच हसल्या.

"पुढची भिशी माझ्याकडे," वही मिटून घाटकोपरची म्हणाली. "बाटली आणू नका."

"नाही आणणार," मी म्हटलं.

ठाणं येईपर्यंत एक पेटी अर्धी झाली होती.